पाचवी वायर

१

अर्लिस कुचेरा एकोणीस वर्षं गाडी भलत्या बाजूला बसून चालवत होती, आणि त्यात काही वावगं आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

नेब्रास्कातल्या त्या वाळूच्या टेकड्यांमध्ये टपाल वाटणाऱ्या सगळ्यांचीच ही तऱ्हा. स्टिअरिंग डावीकडे आणि पत्रपेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला, खांबांवर. दर पेटीला गाडीतून उतरायचं म्हटलं तर दिवस पुरायचा नाही. म्हणून बसायचं उजव्या खिडकीला खेटून. डावा पाय ताणून पलीकडच्या पेडलवर, डाव्या हाताची बोटं स्टिअरिंगवर, आणि उजव्या हातानं पेटी उघड, पत्रं टाक, पेटी बंद कर. असं शहाण्णव मैल, एकसष्ट पेट्या. चार वाजता टपालाची मोठी गाडी ब्लूस्टेमच्या पोस्टातून निघायची, त्याआधी परत.

या कामाला नवी गाडी चालत नाही. नव्या गाड्यांत दोन सीटांच्या मधे कॉफीचे पेले ठेवायचं कपाट असतं. त्यावरून पाय टाकायला सर्कशीतलं माणूस पाहिजे. हवी जुनी पिकअप, पुढे एकसंध बाकासारखी सीट असलेली, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. ऑक्टोबरात अर्लिसच्या जुन्या गाडीनं एका हरणाला धडक दिली आणि दोघांनीही राम म्हटला, तेव्हा तिनं लिलावातून अशीच एक पिकअप आणली. पंचवीस वर्षांची, तपकिरी, सीटचं कापडसुद्धा मूळचं. आधीचा मालक गेलन वुर्ट्झ नावाचा म्हातारा, आता वृद्धाश्रमात. गाडीत एक अलार्म होता. चोरी होऊ नये म्हणून बाहेरून बसवून घेतलेला.

हीच पहिली गंमत. त्या मुलखात लोक चाव्या गाडीतच ठेवून जेवायला जातात. चोरणार कोण आणि नेणार कुठे? पुढचे चाळीस मैल सगळे ओळखीचे. तरीही त्या म्हाताऱ्यानं स्टिअरिंगखाली लाल दिवा, बॉनेटखाली दोन भोंगे आणि कुठेतरी आत एक काळी पेटी बसवून घेतली होती.

"असतात काही माणसं," अर्लिस म्हणाली होती आणि तिनं गाडी घरी आणली होती. येताना ती साहजिकच डावीकडे बसली होती. निघताना एकदा भोंगे कोकलले, इंजिन मेलं. तिनं थर्मासमधली कॉफी प्यायली, पुन्हा चावी फिरवली, तर गाडी गुमान सुरू झाली. थंडीनं असेल, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं.

कागदपत्रं व्हायला नोव्हेंबर उजाडला; तोवर तिनं उसन्या गाडीवर भागवलं आणि ती परत केली. शनिवार हा त्या गाडीचा रूटवरचा पहिला दिवस.

२

पहिल्या पेटीपाशी अर्लिस सरकून उजवीकडे बसली आणि भोंगे सुरू झाले. इंजिन बंद. ती घाबरून डावीकडे सरकली, भोंगे थांबले. उजवीकडे आली की कोकलायचे, डावीकडे गेली की चूप.

"बरं," ती गाडीला म्हणाली, "नखरे आहेत का?"

मग ती डावीकडून चालवू लागली. दर पेटीला गाडी थांबव, उतर, वळसा घाल, पत्रं टाक, पुन्हा वळसा. तेविसावी पेटी एमेट सोरेन्सनची. तिथवर पोचायलाच एक वाजला.

ती एमेटच्या पेटीसमोर रस्त्यावर उभी होती. पिकअप मागे दहा पावलांवर, इंजिन चालू, आत कोणी नाही. तिच्या हातात बियाण्यांचा कॅटलॉग आणि औषधांचं पाकीट. आजूबाजूला मैलोगणती पिवळं गवत, एक पवनचक्की, वारा नाही.

आणि भोंगे वाजले. इंजिन मेलं.

ती जिथल्या तिथे थांबली. दारं बंद होती. गाडीला कोणी हात लावला नव्हता. हात लावायला तिथे होतं कोण? तिनं चावी फिरवून पाहिली, नुसती टकटक. चाळीस मिनिटं ती गवतात बसून राहिली. मग भोंगे आपोआप थांबले आणि गाडी अशी सुरू झाली, जणू काही झालंच नाही.

ती पोस्टात पोचली तेव्हा पाच वाजले होते. मोठी गाडी केव्हाच गेली होती. पोस्टमास्तर लॉइस ड्रॅबेक, शाळेपासूनची मैत्रीण, काउंटरपलीकडे हाताची घडी घालून उभी होती.

"दोन झाले, अर्लिस."

"मला मोजता येतं."

"हरणाचा एक, आजचा एक. तिसरा खाडा पडला की कंत्राट जातं, आणि मी काही करू शकत नाही. तुझा रूट दुसऱ्या कुणाला मिळणार नाही, हेही सांगून ठेवते. तो बंदच होईल. सगळ्या पेट्या उचलून हायवेला एका लोखंडी कपाटात. मग एमेट त्याच्या औषधांसाठी बावीस मैल गाडी हाकेल, त्याच्या त्या डोळ्यांनी."

"सोमवारी मी वेळेवर येईन."

"कशातून?"

"आहे ना गाडी."

लॉइसनं खिडकीतून त्या तपकिरी पिकअपकडे पाहिलं.

३

अर्लिसचा धाकटा भाऊ मर्व्ह याची जवानी लोकांच्या गाड्यांत स्टिरिओ आणि अलार्म बसवण्यात गेली होती. रविवारी दुपारी तो हातात टॉर्च घेऊन आला, पिकअपच्या डॅशबोर्डखाली पाठीवर झोपला आणि तिथूनच शहाणपण शिकवू लागला.

"देवानं चाक डावीकडे दिलंय. तू उजवीकडे बसतेस. अलार्म बिचारा तुला सरळ मार्गाला लावतोय."

"तोंड कमी चालव."

"चावी फिरव. सुरू नको करू, नुसती फिरव. आणि लाल दिवा किती वेळा मिचकतो ते मोज. भोंगे कशामुळे वाजले ते तो सांगतो. एक म्हणजे डावं दार, दोन म्हणजे उजवं, तीन बॉनेट, चार म्हणजे गाडीला धक्का बसला."

अर्लिसनं मोजलं. "पाच."

"नीट मोज."

तिनं पुन्हा मोजलं. दिवा पाचदा मिचकला, थांबला, पुन्हा पाचदा मिचकला.

"पाच नसतं," मर्व्ह म्हणाला. मग त्याला काळी पेटी सापडली, चिकटपट्टीत गुंडाळलेली. पेटीच्या झाकणावर म्हाताऱ्यानं पेनानं यादी केली होती. १ दार. २ दार. ३ बॉनेट. ४ धक्का. पाचच्या आकड्यापुढे एक आडवी रेघ होती आणि त्यापुढे जे लिहिलं होतं ते खरवडून काढलेलं, इतकं जोरात की प्लास्टिकला खड्डा पडला होता.

"त्यानं स्वतःच एक वायर जोडलीये," मर्व्ह म्हणाला. "हिरवी. थांब, कुठे जातेय बघू."

हिरवी वायर पायांखालच्या गालिच्यातून उजवीकडे गेली होती. त्यांनी सीटचं कापड मागून उसवलं. आत फोमखाली, बरोबर उजव्या जागेवर, पाटाएवढी एक चपटी काळी गादी होती. वजन पडलं की आतल्या दोन धातूच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात, तसली. दुकानांत पायपुसण्याखाली ठेवतात, गिऱ्हाईक आलं की घंटा वाजते.

"हे घे तुझं भूत," मर्व्ह हसून म्हणाला. "उजवीकडे कुणी बसलं की भोंगे वाजणार आणि इंजिन बंद होणार. तू बसलीस, झालं. कोडं सुटलं. कॉफी आण."

अर्लिस हलली नाही. "एमेटच्या पेटीपाशी मी बाहेर होते."

"ओल लागली असेल गादीला."

"गेल्या दोन महिन्यांत पावसाचा थेंब नाही."

"मग उंदीर असेल."

"इंजिन बंद पडेल एवढं वजन कुठल्या उंदराचं असतं?"

मर्व्हनं टॉर्च विझवला. "तू मला अलार्म बघायला बोलावलंस की वाद घालायला?"

४

त्यानं गादीची वायर पेटीपासून तोडली आणि मीटरला लावली. मीटर साधा होता: पट्ट्या टेकल्या की पीं वाजणार, सुटल्या की बंद.

मीटर पीं वाजू लागला. सीट रिकामी होती.

"बघ, अडकलीये," मर्व्ह म्हणाला. त्यानं गादीवर तळहात मारला, ती उचलून झटकली, पुन्हा ठेवली. पीं थांबला. "सुटली. म्हातारी झालीये, एवढंच."

दोघं शेडच्या दारात कॉफी पीत उभे राहिले. बाहेर अजून उजेड होता. अर्लिसची कोंबडी कुंपणाच्या सावलीत माती उकरत होती. मागून पिकअपच्या सीटची एक स्प्रिंग करकरली. सावकाश. आणि मीटर वाजू लागला.

पींऽऽऽ.

मर्व्हनं कप खाली ठेवला. "पक्कड विसरलो," तो म्हणाला, आणि वळसा घालून त्यानं पिकअपचं डावं दार उघडलं.

पीं थांबला.

त्यानं पक्कड घेतली, दार लावलं. दहा सेकंद गेली. वीस. पींऽऽऽ.

त्यानं दार उघडलं. थांबला. लावलं. या वेळी अर्लिसनं मनातल्या मनात मोजलं. सतरा सेकंदांनी पुन्हा वाजला, तोच लांब एकसुरी आवाज, तक्रार न करणारा, जणू कुणीतरी दार लागायची वाट बघून आपल्या जागी नीट बसलं होतं.

"दारात वायर चेपतेय," मर्व्ह म्हणाला.

"वायर त्या दारात नाहीच, मर्व्ह. तूच आत्ता काढलीस ना."

मर्व्हनं मीटर बंद केला. "मीटरचे सेल संपत आलेत," तो म्हणाला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. "हे बघ. तुला काय पाहिजे? गाडी चालायला पाहिजे, आणि तू उजवीकडे बसायला पाहिजेस. बरोबर?"

"बरोबर."

"मग सगळं काढून टाकतो. पेटी, भोंगे, गादी, सगळं. स्टार्टरची वायर सरळ जोडतो. कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी गाडी. चालेल?"

अर्लिसनं एकसष्ट पेट्या मनात मोजल्या. "चालेल."

तासाभरात त्यानं सगळं काढलं आणि एका बादलीत टाकलं. काम करताना तो एकदाही उजवीकडे बसला नाही. गुडघ्यावर बसून, उभा राहून, खिडकीतून वाकून, पण सीटवर नाही. जाताना म्हणाला, "ताई, माझी गाडी नेतेस का उद्या?"

मर्व्ह तिला ताई म्हणायचा तो फक्त दवाखान्यात नाहीतर दफनभूमीत.

"तुझ्या गाडीत कपाट आहे मधे," ती म्हणाली. "पाय कुठून टाकू?"

५

रात्रीचं जेवण तिकडे सहालाच होतं, वृद्धाश्रमात तर त्याहून आधी. साडेपाचला अर्लिसनं गेलन वुर्ट्झला फोन लावला.

"पिकअप चालतेय का?" म्हाताऱ्यानं विचारलं. आवाज खणखणीत होता.

"अलार्म त्रास देत होता, म्हणून काढून टाकला. एकच विचारायचं होतं, उजव्या सीटखाली ती गादी कशाला घातली होतीत?"

"कळायला पाहिजे म्हणून."

"काय कळायला?"

"आहे की नाही ते. असलं, तर मी गाडी हलवत नसे. घरात जाऊन पेपर वाचायचो. उतरून गेलं की मग निघायचो. कधी पाच मिनिटं, कधी दुपारच्या जेवणापर्यंत. दिसत तर काही नाही ना, बाई. मग माणसाला कळणार कसं? भोंगे चांगले मोठे घेतले, कान मंद आहेत माझे."

हे सगळं तो इतक्या सहज सांगत होता, जणू गोठ्यातल्या एखाद्या खोडकर गाईबद्दल बोलतोय.

"काही वाईट करायचं?" अर्लिसनं विचारलं.

"मला काय माहीत? मी कधी बरोबर नेलंच नाही."

"मग गाडी भंगारात का नाही दिली?"

"लिलावात दिली की. तुम्ही घेतलीत. आता विचारताच आहात म्हणून सांगतो, तिकडे बसायचं नाही, एवढं पाळलंत तर तुमचं काही बिघडणार नाही. आपण डावीकडे, ते उजवीकडे."

अर्लिसनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "मी टपाल वाटते, मिस्टर वुर्ट्झ. मी उजवीकडेच बसते."

पलीकडे कुठेतरी चमचे वाजत होते.

"असंही कुणी बसत असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही," म्हातारा म्हणाला. आता आवाज तितका खणखणीत नव्हता. "मग ते कुठे बसेल?"

मागून कुणीतरी त्याला जेवायला हाक मारली आणि त्यानं फोन ठेवला.

६

सोमवारी सकाळी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. अर्लिसनं पोस्टातून टपालाचे ट्रे चढवले, लॉइसला "चारच्या आत" म्हणाली आणि पहिल्या पेटीपर्यंत डावीकडून गाडी नेली. तिथे ती थांबली. डोक्यात म्हाताऱ्याचा प्रश्न होताच. पण म्हाताऱ्याचं वय ब्याऐंशी होतं, मीटरचे सेल संपले होते आणि तिच्याकडे एकसष्ट पेट्या होत्या.

ती उजवीकडे सरकली.

काही झालं नाही. तिनं पाय ताणला, बोटं स्टिअरिंगवर ठेवली, पत्रं चाळायचं रबरी टोपण अंगठ्यावर चढवलं. रेडिओवर गुरांचे भाव चालू होते. एक, दोन, तीन. पेटी उघड, टाक, बंद कर. गुरं अडवायला रस्त्यात घातलेल्या जाळीदार पुलांवरून गाडी खडखडत गेली. नऊ, दहा, अकरा. जुनी लय सापडली. या कामात माणूस दिवसभर उजवीकडेच बघतं: पुढची पेटी, न्यायचं टपाल असल्याची खूण म्हणून तिचा लाल झेंडा वर आहे का, कुत्रं मोकळं आहे का. डावीकडे बघायचं काही कारणच नसतं.

तेविसाव्या पेटीशी एमेट सोरेन्सन उभा होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, टोपी कानापर्यंत ओढलेली. अर्लिसनं औषधं त्याच्या हातात दिली.

"आज वेळेवर आले की नाही?"

"आलीस, पोरी." एमेटचा चेहरा काही खुलला नाही. "पण माणूस कुठला धरून आणलास?"

"कुठला माणूस?"

"मी वळणावरनं तुझी गाडी येताना पाहिली. हात केला. त्यानं बोट उचललं नाही."

त्या मुलखात समोरून कुणीही आलं तरी स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. पाद्री असो, सावकार असो, घटस्फोट दिलेली बायको असो. न उचलणं म्हणजे तोंडावर थुंकण्यासारखं.

"तुमच्या डोळ्यांना काय झालंय ते डॉक्टरांना माहीत आहे," अर्लिस हसत म्हणाली. "मीच चालवतेय, एमेट. नेहमीसारखी."

एमेट वाकून तिच्या पलीकडे बघू लागला, मग सरळ झाला आणि एक पाऊल मागे सरकला. "औषधांबद्दल आभारी आहे," तो तुटकपणे म्हणाला. माणूस दुखावला की असा बोलतो. मग वळला आणि मागे न बघता घराकडे चालू लागला. काठीशिवाय त्याला एवढं भरभर चालताना तिनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

७

एक्केचाळिसाव्या पेटीनंतर रस्ता सरळ पश्चिमेला जातो. तिथे अर्लिसला डाव्या पायाला मुंग्या आल्याचं जाणवलं. तिनं खाली हात नेला. पाय पेडलवर नव्हता. मधल्या उंचवट्यावर दुमडून पडला होता, पार बधिर. किती वेळापासून?

गाडी पंचवीसच्या वेगानं चालली होती. बेचाळिसावी पेटी आली, गाडी हळू झाली, थांबली. पेटी खिडकीपासून बरोबर वीतभर. तिला स्वतःलाही दर वेळी इतकं नेमकं जमत नसे.

सवय आहे, तिनं स्वतःला बजावलं. एकोणीस वर्षं. पाय झोपला तरी काम विसरत नाही. उंचवट्यावर आत्ताच, थांबल्यावर घसरला असेल. तिनं पेटीत पत्रं टाकली. गाडी निघाली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की पुढच्या दोन पेट्यांचे गठ्ठे तिनं दोन्ही हातांनी धरले होते. दोन्ही हातांनी.

रस्त्याला एक हलकं वळण होतं. गाडी वळली.

अर्लिसनं डावीकडे पाहिलं नाही. मान वळवणं म्हणजे एक गोष्ट कायमची ठरवून टाकणं. आणि तिला अजून एकोणीस पेट्या भरायच्या होत्या. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. नोव्हेंबरचा कलता सूर्य डाव्या बाजूला होता आणि पिकअपची सावली उजवीकडे गवतावरून धावत होती. टपाचा चौकोन, खिडकीचा उजेडाचा तुकडा, त्यात एक डोकं. तिचंच. दुसरं कुणाचं असणार?

खात्री करायला ती पुढे वाकली.

सावलीतलं डोकं पुढे वाकलं. आणि त्याच्या मागे, ते जिथे होतं तिथेच, दुसरं तसंच राहिलं. छताला टेकलेलं. बसायला जागा अपुरी पडते म्हणून मान एका खांद्यावर मोडून ठेवल्यासारखं.

अर्लिस सावकाश मागे टेकून बसली. दोन्ही डोकी एक झाली.

दार उघडून उडी मारता आली असती, वेग फार नव्हता. मग? मग शहाण्णव मैलांच्या अध्येमध्ये चालत जायचं, तिसरा खाडा पडू द्यायचा, आणि हायवेला लोखंडी कपाट. तिनं अंगठ्यावरचं रबरी टोपण घट्ट केलं.

"त्रेचाळीस," ती मोठ्यानं म्हणाली. "पुढे कुत्रं असतं. जपून."

गाडी हळू झाली.

८

तीन वाजून दहा मिनिटांनी अर्लिस पोस्टाच्या आवारात पोचली. इतक्या लवकर ती एकोणीस वर्षांत पोचली नव्हती. तिनं चावी काढली, खिशात टाकली, उजव्या दारानं उतरली आणि ट्रे घेऊन आत गेली.

"तीन फोन आले," लॉइस म्हणाली. "एमेट, थोरली मिसेस याल्का आणि गवताचा तो कंत्राटदार. तिघांचं गाऱ्हाणं एकच. तुझा ड्रायव्हर शिष्ट आहे. बोट उचलत नाही."

अर्लिसनं ट्रे काउंटरवर ठेवले.

"मला आधी वाटलं, तिघांनी मिळून थट्टा लावलीये," लॉइस पुढे म्हणाली. "पण आत्ता तू आवारात वळलीस ते मीही पाहिलं. उंच आहे गं. अजून बसलाय बघ तसाच. थंडी आहे, आत तरी बोलाव."

लॉइस खिडकीतून बघत होती. अर्लिस लॉइसकडे बघत राहिली, फक्त लॉइसकडे. "लाजरा आहे," ती म्हणाली.

"लाजरा असो नाहीतर गाजरा. पेट्या भरायला तू हाताखाली माणूस घेतलास तर माझं काही म्हणणं नाही. त्याला कागद लागत नाही. पण चाकामागे ज्याचं नाव नोंदलेलं नाही असा कुणी बसला, की कंत्राट तिथेच संपलं. हे खाड्यापेक्षा वाईट आहे, अर्लिस." लॉइसनं खणातून एक छापील कागद काढला आणि पॅडला लावला. "मी आजची तारीख टाकते. तू खाली सही कर, वर त्याला रकाने भरायला सांग. चारच्या थैलीत गेलं की रूट वाचला. पळ."

अर्लिसनं सही केली. लॉइसचं बॉलपेन घेतलं, बाहेर गेली, उजवं दार उघडलं आणि आत बसली. गाडीत बाहेरच्यापेक्षा जास्त थंड होतं. उजव्या खिडकीतून पोस्टाचा झेंडा दिसत होता. तिनं त्यावर नजर लावली आणि पॅड डावीकडे सीटवर सरकवलं.

"नाव लिहायचं," ती म्हणाली. "आणि सही. सुवाच्य अक्षरात."

मग पॅड उचललं गेलं. बॉलपेनच्या बटणाचा टक् असा आवाज आला. मग कागदावर पेन फिरू लागलं. फिरत राहिलं. कुठल्याही नावाला लागेल त्याहून कितीतरी जास्त वेळ. झेंडा तीनदा फडफडला. मग पॅड तिच्या मांडीवर ठेवण्यात आलं, हळूच, आपल्याकडे मोठ्यांच्या हातात कागद देतात तसं अदबीनं, त्यावर पेन आडवं.

तिनं ते न वाचता आत नेऊन लॉइसला दिलं.

लॉइसनं चष्मा लावला. "याचं अक्षर... हे नाव मला काही लागत नाही. कुठल्या गावचा आहे?" ती पुढे वाचू लागली आणि थांबली. "अगं, यानं उलटं भरलंय. मुख्य चालक या रकान्यात स्वतःचं नाव. आणि खाली, चालक हजर राहू न शकल्यास बदली, तिथे तू. अर्लिस कुचेरा. हे मात्र छान काढलंय. तुझ्याच अक्षरासारखं."

अर्लिसनं कागद घेतला आणि शेवटी एकदा पाहिला. वरचा रकाना काठोकाठ काळा झाला होता. खालचा तिच्याच वळणाचा होता, तिचा तिरका र, तिचा मोडका स. तळाशी तिची खरी सही.

भिंतीवरच्या घड्याळात तीन सदतीस झाले होते.

"असाच पाठवू का?" लॉइसनं विचारलं. "रूट वाचेल, एवढं नक्की. पण मग रूट त्याचा होईल."

अर्लिसनं कागदाची घडी घातली, पुन्हा घडी घातली आणि ती कोटाच्या आतल्या खिशात टाकली.

"चाकामागे उद्या मी असेन," ती म्हणाली. "मिसेस याल्का, एमेट, कोणीही फोन करून सांगेल तुला. तो हाताखालचा माणूस. त्याला कागद लागत नाही, असंच म्हणालीस ना?"

"म्हणाले. आजचं मी पाहिलंच नाही, असं धरते. पण पेट्यांपर्यंत तुझा हात पोचणार कसा डावीकडून?"

"माझा नाही पोचायचा."

ती बाहेर आली. पिकअपचं इंजिन चालू होतं. चावी तिच्या खिशात होती. काल मर्व्हनं बादलीत काय काय टाकलं ते तिला आठवलं आणि त्यातलं काहीही आता परत मिळणार नव्हतं, तेही ती समजून चुकली. ती पुढून वळसा घालून डाव्या दाराशी गेली. काचेवर श्वासाची वाफ साचली होती. आतल्या बाजूनं.

तिनं दार उघडलं आणि खालच्या पायरीकडे नजर ठेवून उभी राहिली.

"सरक," ती म्हणाली.

इंजिनाचा आवाज जरा चढला.

"ऐकू आलं ना? हा रूट माझा आहे. काम करायचं असेल तर पलीकडे बसून करायचं. नाहीतर उतर, मी उद्या एकटी जाईन, एकसष्ट वेळा उतरेन आणि रांगत परत येईन. पण चाक नाही मिळायचं. सरक."

पोस्टाच्या खिडकीत लॉइस उभी असणार. झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती. अर्लिसनं दार धरून ठेवलं. बोटं गारठून दुखू लागली तरी सोडलं नाही.

मग सीटची पहिली स्प्रिंग करकरली. मग तिच्या शेजारची. मग त्यापुढची, एकेक करून, डावीकडून उजवीकडे, एखादं जड माणूस नाइलाजानं सरकतं तशी.

अर्लिस आत चढली, चाकामागे बसली आणि तिनं दार ओढून घेतलं. तिनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर रस्त्याकडे बघत गाडी गिअरमध्ये टाकली. तिच्या उजव्या बाजूला, दाराजवळ, काच खाली करायचा हँडल सावकाश गोल फिरू लागला.